चिलापीची नजर

कॉर्सिका बेटाजवळचे मासे पाणबुड्यांना ओळखतात, ही 2025 मधली बातमी वाचून अनेकांनी मासा माणसाचा चेहरा ओळखतो असाच अर्थ काढला. पण त्या बातमीमागच्या प्रयोगात दोन पाणबुड्यांनी सारखा पोशाख घातला तेव्हा माशांना त्यांच्यात फरक करता आला नाही. मासे बहुधा कपड्यांच्या रंगावरून माणूस ओळखत होते. मला यापेक्षा मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: समोरचा आपल्याकडे बघतोय, हे माशाला कळतं का?

त्यासाठी भूमध्य समुद्रापर्यंत जायला नको. उजनी धरणात चिलापी आहे. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला मासा. त्याची पहिली जात 1952 मध्ये भारतात आली. भिगवणच्या ढाब्यावर चिलापी फ्राय मागवणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असतं की हा मासा सिक्लिड कुळातला आहे, आणि माशांच्या नजरेबद्दल जे काही कळलंय त्यातलं बरंच या कुळाने शिकवलंय.

रिचर्ड कॉस या अमेरिकी संशोधकाने 1970 च्या दशकात याच कुळातल्या ज्वेल फिशच्या पिल्लांपुढे ठिपके धरले. एका ठिपक्यापेक्षा शेजारी-शेजारी असलेल्या दोन ठिपक्यांना पिल्लं जास्त घाबरली. यामागचं कारण साधं आहे. शिकारी आडवा जात असेल तर त्याचा एकच डोळा दिसतो. दोन्ही दिसले, म्हणजे त्याचं तोंड आपल्याकडे आहे. त्या इवल्याशा जिवाला हा हिशोब जमतो. चिलापीचीच जात असलेल्या नाईल तिलापियात तर डोळा हाच आपसातल्या दर्जाचा फलक असतो. ब्राझीलच्या गिल्सन व्होल्पाटो यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवलं की झुंजीत हरलेल्या माशाचे डोळे काळवंडतात आणि वरचढ ठरलेल्याचे फिकट राहतात.

डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तो गप्पी मासा तर याहून धीट. एक्सेटर विद्यापीठाच्या रॉबर्ट हीथकोट यांच्या गटाने 2020 मध्ये मांडलं, की शिकारी जवळ आला की गप्पी आपल्या डोळ्यांचा रंग काळा करतो. शिकाऱ्याचं लक्ष त्याच्या डोक्याकडे खेचलं जातं, तो तिथे झडप घालतो आणि गप्पी ऐन वेळी गर्रकन वळून निसटतो. शिकाऱ्याची नजर आपल्याला हवी तिथे वळवण्याची ही कला आहे.

आणि काठावरचा माणूस? पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या वर्तुळात एकवटलेलं दिसतं. उभा माणूस त्यात ठळक येतो. बसलेला किंवा लांबचा माणूस वर्तुळाच्या कडेला चेपला जातो. गळ टाकणारे खाली बसून, हालचाल न करता थांबतात, ते याच कारणाने.

हे सगळं चालतं ते पाणी स्वच्छ असेल तोवर. पुण्याचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, उन्हाळ्यात जलाशय हिरवागार पडतो, आणि आपण सोलापूरकर पिण्याच्या पाण्यापलीकडे त्याचा विचार करत नाही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात काय घडलं ते ओल सीहाउझन यांच्या गटाने 1997 मध्ये सांगितलं: पाणी गढूळ झालं, सिक्लिडच्या माद्यांना नरांचे रंग दिसेनात आणि जिथे पाणी गढूळ तिथे जातींची विविधता कमी आढळली. चिलापी चिवट आहे, घाण पाण्यातही तगते. पण तिथे तिला डोळ्यांचा रंग बघून माघार घेता येईल, दोन डोळे दिसताच पळता येईल, असं मला वाटत नाही. धरणाच्या प्रदूषणाचा हिशोब मांडताना हे नुकसान कुणी धरत नाही, याचं वाईट वाटतं.

ते धरायला फार साधनंही लागत नाहीत. सेकी तबकडी नावाची काळी-पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खोली वाचायची. 1865 पासून ही पद्धत वापरात आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मच्छीमारांच्या होडीतून ती दर महिन्याला उजनीत सोडावी, आणि त्याच दिवशी जाळ्यात आलेल्या चिलापीच्या डोळ्यांचा रंगही वहीत टिपावा.