रंगाआधी स्वभाव पाहा

कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही, अशा सातारा-सांगलीतल्या घरातही खाऱ्या पाण्याची टाकी उत्तम चालू शकते. टाकी स्थिरावली, दगडांवर जांभळट शेवाळ धरू लागलं, क्लाउनफिशची जोडी रुळली, की बहुतेकांना पुढचा मासा हवा असतो तो रॅस. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी अंगावर सगळे रंग घेऊन फिरतात. दुकानात डोळे रंगावर खिळतात. पण तीन फूट लांब, दीड फूट उंच आणि सव्वा फूट रुंद, म्हणजे जेमतेम दीडशे लिटरच्या टाकीत रंगापेक्षा माशाचा स्वभाव आणि त्याची पूर्ण वाढ जास्त महत्त्वाची असते.

दुकानात सहज नजरेत भरतो तो मून रॅस. हिरवानिळा, शेपटीत पिवळी चंद्रकोर. आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांवरचा हा नेहमीचा रहिवासी. बोटाएवढं पिल्लू गोड दिसतं, पण ते वीत ओलांडून वाढतं आणि दिवसभर सुसाट पोहतं. कोळंबी आणि लहान मासे त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. क्लीनर रॅसही घरी आणू नये. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून तो जगतो आणि टाकीत बहुधा उपाशी मरतो. याच माशाने आरशातली आपली प्रतिमा ओळखल्याचा जपानी संशोधकांचा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा जिवाची जागा समुद्रातच आहे.

छोट्या टाकीसाठी सर्रास सुचवला जातो तो सिक्सलाइन. जांभळ्या अंगावर सहा नारिंगी रेघा, हिरवट शेपटी, लालसर डोळा. जवळून पाहिलं तर तो डोळा सतत फिरत असतो. दगडाच्या प्रत्येक फटीत डोकावून किडे आणि इवल्या परजीवी गोगलगाई टिपणं हा त्याचा उद्योग. लांबी जेमतेम तीन इंच, काटक, खाण्यात चोखंदळ नाही. अडचण एकच: एकदा जम बसला की सगळी टाकी तो आपली समजतो आणि नंतर आलेल्या माशाला जगू देत नाही. म्हणून तो हवा असेल तर सगळ्यात शेवटी सोडावा, आणि नंतर नवा मासा आणू नये.

शांत टाकी हवी असेल तर पिंक-स्ट्रीक्ड किंवा पॉसम रॅस घ्या. दोन्ही अडीच-तीन इंचांचे, लाजरे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रंगांची उधळण पाहायची असेल तर मॅकॉस्कर फ्लॅशर. हिंदी महासागरातला हा मासा पाण्यात तरंगणारं बारीक खाद्य टिपतो. नर रंगात आला की पंख ताठ पसरून मादीपुढून झपकन जातो आणि क्षणभर अंग पेटल्यासारखं दिसतं. हे मासे आधी मादी असतात, पुढे त्यातले काही नर होतात. समोर मादी नसेल तर नराचा रंग हळूहळू फिका पडू शकतो. याच्या जवळच्या फेअरी रॅसमध्ये अजूनही नव्या जाती सापडतात: मालदीवच्या खोल प्रवाळांवरच्या एका गुलाबी जातीला 2022 मध्ये तिथल्याच भाषेतलं ‘फिनिफेन्मा’, म्हणजे गुलाब, हे नाव मिळालं.

पिवळाधमक कोरिस रात्री वाळूत शिरून झोपतो. त्याला दोन इंच बारीक वाळू आणि दीडशे लिटरहून मोठी टाकी लागते. लेपर्ड रॅस दिसायला देखणा, पण त्याला खायला लावणं अनुभवी माणसालाही जड जातं.

जात कुठलीही असो, टाकीवर बारीक जाळीचं झाकण हवंच. घाबरलेला रॅस बोटभर फटीतूनही बाहेर उडी मारतो. आपल्याकडे दुसरी काळजी एप्रिल-मेची. पाणी 27 अंशांच्या आसपास ठेवावं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावला तरी तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर आरओच्या गोड पाण्याने घालावी, बोअरच्या जड पाण्याने नव्हे. वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप जीव वाचवतो.

टाकी सजवायला खरे प्रवाळ शोधू नका. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. कृत्रिम दगड आणि भरपूर कपारी रॅसला तितक्याच भावतात.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगा. पोट खपाटीला गेलेला, कोपऱ्यात धापा टाकणारा मासा स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. बहुतेक रॅस आजही समुद्रातून पकडून आणले जातात. प्रवाळातून काढलेल्या प्रत्येक माशाला पूर्ण आयुष्य मिळावं, ही जबाबदारी तो विकत घेणाऱ्याची आहे. त्याला मानवेल अशी टाकी आपल्याकडे नसेल, तर तो न घेणं हीच योग्य निवड.