निवृत्तीचा पैसा : वडिलांचा अनुभव आणि आपला हिशेब

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या वस्तीत कर्ज काढून घर घेणारी आपली अनेक कुटुंबे पगारदारांची दुसरी पिढी आहेत. वडील रेल्वेत किंवा महापालिकेत असतील, तर म्हातारपणाची काळजी पेन्शनने वाहिली. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी ती पेन्शन बंद केली. खासगी नोकरीत ती कधी नव्हतीच. तरी आपण घरात पाहिलेलेच करतो : मुदत ठेव, सोने, विमा पॉलिसी.

ही सावधगिरी म्हणजे अडाणीपणा नव्हे. ज्याच्या मागे वडिलोपार्जित जमीन नाही, त्याला बुडालेला पैसा पुन्हा उभा करणे जड जाते. पण न बुडालेला पैसाही झिजतो. महागाई ६ टक्के राहिली तर आज ३० हजारांत चालणाऱ्या घराला ३० वर्षांनी सुमारे १ लाख ७२ हजार लागतील. रुपयाच्या खरेदीशक्तीचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२३ मध्येच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’त मांडला होता.

उशीरही महाग पडतो. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर दरमहा ५,००० रुपयांसाठी १८व्या वर्षी सुरुवात केल्यास महिना २१० रुपये भरावे लागतात. ४०व्या वर्षी १,४५४. आयकर भरणाऱ्यांना ही योजना घेता येत नाही. त्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना खुली आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारूया : परतावा महागाईपेक्षा जास्त आहे का? खर्च किती कापला जातो? अडचणीत पैसे कधी मिळतील? हे प्रश्न मुलांसमोर विचारूया. वारशात त्यांना जमीन नसली, तरी हिशेब मिळेल.