विश्लेषण : जमिनीत सापडलेले जुने नाणे घासून चमकवावे का?

शेत नांगरताना, घराचा पाया खणताना किंवा पावसाने धुऊन निघालेल्या जुन्या वाड्याच्या आवारात हिरवट-काळे नाणे सापडते. ते चिंच, लिंबू किंवा भांडी घासायच्या पावडरीने चकचकीत केले जाते. समाजमाध्यमांवर अशा ‘आधी आणि नंतर’च्या चित्रफिती भरपूर आहेत. मात्र या चमकेपायी नाण्याचा इतिहास आणि बाजारातील किंमत, दोन्ही जाऊ शकतात. ते कसे?

नाणे गंजते म्हणजे नेमके काय होते?

शुद्ध सोन्यावर जमिनीचा फारसा परिणाम होत नाही. चांदी गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते. सर्वाधिक बदल तांब्यात होतो. ओलावा, हवा आणि मातीतील क्षार यांच्या संपर्कात धातूवर आधी लालसर ऑक्साइडचा आणि त्यावर हिरव्या कार्बोनेटचा थर चढतो. शेकडो वर्षांत नाण्याचा मूळ पृष्ठभाग धातूचा न राहता या थराचाच होऊन जातो. म्हणजे अक्षरे अनेकदा धातूवर नव्हे, तर त्या थरात टिकून असतात. थर काढला की अक्षरेही जातात.

चिंच-लिंबू वापरल्यास काय बिघडते?

आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवला की कळकतो, कारण आम्ल धातूवर काम करते. नाण्यावरही तेच घडते. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा कोल्ड्रिंक हिरवा थर विरघळवते आणि खाली खड्डे पडलेले, गुलाबी तांबे उघडे पडते. मराठेशाहीतील तांब्याच्या शिवराईचे उदाहरण घ्या. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. अक्षरांची वळणे, बिंदू आणि बारीक चिन्हे यांवरून अभ्यासक तिचे प्रकार ठरवतात. नाणे घासताना सर्वप्रथम याच खुणा पुसल्या जातात. तारेचा ब्रश, वाळू आणि विजेच्या प्रवाहाने केलेली सफाई यांचाही हाच धोका आहे. संग्राहकही असे ‘घासलेले’ नाणे लगेच ओळखतात आणि कमी भाव देतात.

प्रत्येक हिरवा थर सुरक्षित असतो का?

नाही. गुळगुळीत, कडक आणि नखाने न निघणारा थर नाण्याचे रक्षण करतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली आणि झटकल्यावर पुन्हा आली, तर तो ‘ब्राँझ रोग’ असू शकतो. धातूत शिरलेले क्लोराइड, ओलावा आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून आम्ल तयार होते. ते उरलेले तांबे खाते आणि चक्र सुरूच राहते. किनारपट्टीच्या खारट जमिनीत सापडलेल्या नाण्यांना, त्यातही पावसाळ्यातील दमट हवेत, हा धोका अधिक. असे नाणे सिलिका जेलसह हवाबंद डब्यात कोरडे ठेवावे आणि संग्रहालयातील संवर्धन तज्ज्ञांना दाखवावे.

घरी काय करता येते?

आधी नाण्याचे वजन करावे आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. नुसती माती चिकटली असेल तर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवावे आणि पाणी रोज बदलावे. बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटरही चालते, फक्त ते ॲसिड नसल्याची खात्री करावी. मऊ झालेली माती भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने किंवा मऊ ब्रशने हलकेच काढावी. अक्षरांजवळ जोर लावू नये. नंतर नाणे पूर्ण कोरडे करून कागदी पाकिटात ठेवावे. पीव्हीसीची मऊ प्लास्टिक पाकिटे टाळावीत, कारण त्यांतून सुटणारी द्रव्ये नाण्यावर चिकट हिरवा थर आणतात. शंका आली की तिथेच थांबावे. राहिलेली माती नंतरही काढता येते, गेलेले अक्षर परत येत नाही.

हात न लावण्याने काय साधते?

इंग्लंडमधील फ्रोम येथे एप्रिल २०१० मध्ये मेटल डिटेक्टर वापरणाऱ्या एका हौशी शोधकाला रोमन नाण्यांनी भरलेले मातीचे मडके लागले. त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. मडक्यातील ५२,५०३ नाणी थराथराने बाहेर काढण्यात आली. सर्वात नवी नाणी वरच्या थरात नव्हे, तर बरीच खाली सापडली. म्हणजे मडके वर्षानुवर्षे थोडे थोडे भरले गेले नव्हते, बहुधा ते एकाच वेळी पुरले गेले होते. नाणी घरी नेऊन बादलीत धुतली असती, तर ही माहिती कायमची हरवली असती. सॉमरसेटच्या संग्रहालयासाठी हा साठा ३,२०,२५० पौंडांना घेण्यात आला.

भारतात कायदा काय सांगतो?

जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. ठेवा लपवल्यास शिक्षा होऊ शकते. मालक न सापडल्यास शोधणाऱ्याला वाटा देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. संरक्षित स्मारकांच्या परिसरात, गडकिल्ल्यांसह, परवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही. १०० वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे नाणे सापडल्यावर आधी जागेची नोंद, मग जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे आणि सफाई सर्वात शेवटी, हाच क्रम योग्य.