घाटवाटांची जीप : कोणती साधने, किती इंधन?

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या टापूत चारही चाकांना शक्ती पोहोचविणाऱ्या गाडीचे आकर्षण नवे नाही. 1941 साली अमेरिकन सैन्यात दाखल झालेली जीप दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी जीवनात उतरली. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला आणि ही गाडी गावोगाव पोहोचली. आज तिचे स्थान थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्यांनी घेतले आहे. मात्र गाडी घरी आली की तिच्यावर काय काय चढवावे, हा प्रश्न उभा राहतो. टपावर कॅरिअर, पुढे लोखंडी गार्ड, मागे इंधनाचे डबे, दिव्यांची रांग, अशी यादी वाढतच जाते. यांपैकी गरजेचे कोणते आणि निव्वळ शोभेचे कोणते, याचा निवाडा प्रवासाच्या मार्गावरूनच केला पाहिजे.

प्रथम इंधनाचा विचार करू. बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या मार्गाने पणजी सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे. आंबोलीमार्गे सावंतवाडी शंभर किलोमीटरांच्या आसपास पडते. 2020 साली आलेल्या थारच्या टाकीत 57 लिटर इंधन मावते. घाटातील चढ, चिखल आणि खालचे गिअर धरून लिटरमागे केवळ 9 किलोमीटर मिळाले असे मानले, तरी एका टाकीत 513 किलोमीटर होतात. त्यांतील चौथा हिस्सा अडचणीसाठी राखून ठेविला, तरी 385 किलोमीटर उरतात. म्हणजे पणजीस जाऊन परत येऊनही टाकी रिकामी होत नाही. जिम्नीची टाकी 40 लिटरांची आहे. तिचा हिशेब अधिक काळजीने करावा लागेल, पण निष्कर्ष बदलत नाही. सह्याद्रीच्या या भागात निघताना टाकी भरून घेणे, हाच इंधनाचा सर्वांत उत्तम जादा साठा होय.

जादा टाकीची खरी गरज कोठे पडते, हे पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. मनाली ते लेह या मार्गावर तांदी येथील पंपाचा फलक प्रसिद्ध झाला, तो पुढचा पंप 365 किलोमीटरांवर आहे असे बजावीत असल्यामुळे. ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूट हा वाळवंटी मार्ग तर सुमारे 1850 किलोमीटर लांबीचा आहे. तेथील प्रवासी दुसरी टाकी बसवितात, ती चैन म्हणून नव्हे. ज्याला लडाखास जावयाचे आहे त्याने त्या प्रवासापुरते डबे घ्यावेत. वर्षभर ते मिरवीत फिरण्याचे कारण नाही.

सीमाभागात मात्र डबे बाळगण्याचा एक निराळा मोह असतो. पेट्रोल व डिझेलवरील राज्यांचे कर भिन्न असल्याने कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांतील दर सहसा सारखे नसतात. निपाणी-कागल पट्ट्यातील वाहनचालकांना हे चांगले ठाऊक आहे. स्वस्त बाजूस टाकी भरून घेण्यात शहाणपण आहे. परंतु डब्यांत भरून नेण्याचा हिशेब तपासून पाहावा. लिटरमागे पाच रुपयांचा फरक धरला, तर वीस लिटरांच्या डब्यामागे शंभर रुपये वाचतात. तेवढ्यासाठी गाडीत आगीचा धोका घेऊन बसणे परवडणारे नाही.

डबा घ्यावयाचाच झाला, तर तो कसा असावा? यासाठी जेरीकॅनचा इतिहास उद्बोधक आहे. हा वीस लिटरांचा पोलादी डबा 1930 नंतरच्या दशकात जर्मनांनी घडविला. आफ्रिकेच्या रणभूमीवर ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे गळत आणि इंधन वाळूत जाई. म्हणून त्यांनी शत्रूच्या डब्याची नक्कल केली आणि जर्मनांना असलेले ‘जेरी’ हे टोपणनाव डब्याला चिकटले. त्याच्या तीन मुठींमुळे भरलेला डबा दोघांना धरता येतो आणि एकाच हातात दोन रिकामे डबे नेता येतात. वरच्या बाजूस हवेची पोकळी राहते, आणि तीच फार महत्त्वाची आहे. वीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर सुमारे चारशे मिलिलिटरांनी फुगते. डबा काठोकाठ भरला, तर ते इंधन झाकणातून वाट काढणारच.

पेट्रोल साध्या थंडीतही वाफ सोडते आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने गाडीच्या तळाशी साचते. म्हणून पेट्रोलचा डबा माणसे बसतात त्या भागात कधीही ठेवू नये. डबा भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विद्युत् साचून ठिणगी पडण्याचे भय कमी होते. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या व कॅन या कामास सर्वथा अयोग्य. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना ठेवता येते. परंतु पात्र घट्ट झाकणाचे असावे लागते आणि धातूचे पात्र 25 लिटरांहून मोठे चालत नाही.

कायमची दुसरी टाकी बसविणे हा याहून गंभीर विषय. अशी टाकी धक्का लागणार नाही अशा जागी, सायलेन्सरच्या नळीपासून दूर, चासीला पक्की धरलेली हवी. आत इंधन डचमळू नये म्हणून आडपडदे, हवा जाण्यास मार्ग, गाडी उलटली तर बंद होणारी झडप आणि स्वच्छ गाळणी हवी. गावातील वेल्डरकडून पत्रा जोडून घेतलेल्या टाकीत हे बहुधा नसते. शिवाय गंजाचा एखादा कण आजच्या डिझेल इंजिनाचा नाजूक पंप निकामी करू शकतो. त्यात कायद्याचीही अडचण आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मूळ रचनेतील फेरफारास मज्जाव करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. अपघातानंतर विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढू शकते.

पुढील लोखंडी गार्डाचीही तीच कथा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविले. त्याचे कारण सरळ आहे. आधुनिक गाडीचा पुढचा भाग आघात शोषून घेण्यासाठी दबावा अशीच त्याची रचना असते. कठीण गार्ड तो आघात थेट चासीकडे आणि माणसांकडे पोहोचवितो, हवेच्या पिशव्या उघडण्यात व्यत्यय आणू शकतो आणि पादचाऱ्याला अधिक दुखापत करतो.

मग घ्यावयाचे काय? पहिला मान टायरांचा. या एका जिल्ह्यात दोन प्रकारची माती आहे. खानापूर-जांबोटीकडे जांभ्याची तांबडी, निसरडी माती. निपाणी-चिकोडीकडे काळी, चिकट माती, जी टायरच्या खाचांत भरून चाक गुळगुळीत करून टाकते. ज्याचा बहुतांश प्रवास डांबरी रस्त्यावर आहे त्याला दोन्हींस साधारण उपयोगी पडणारे टायर पुरेत. त्यांच्या जोडीला चांगली स्टेपनी, हवा मोजण्याचे यंत्र आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असावा. चिखलात हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण डांबरावर येताच ती पूर्ववत करावयास हवी.

दुसरा मान दिसण्याचा. आंबोलीस वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि धुके दाटते. तेथे टपावरचे प्रखर दिवे धुक्यावर आदळून चालकाच्याच डोळ्यांत येतात. खाली बसविलेले फॉग दिवे, नवे वायपर आणि काच पुसण्याचे फडके अधिक कामाचे.

तिसरा मान सुटकेच्या साधनांचा. मजबूत दोरखंड, दोन शॅकल, फावडे, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी आणि अग्निशामक नळकांडे ही सामग्री बहुतेकांस पुरते. विंच हवाच असेल, तर त्याची ओढ भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी. दोन टन गाडीला तीन टनांचा. ताणलेल्या दोरावर ओले गोणपाट टाकावे, म्हणजे दोर तुटला तरी चाबकासारखा उसळत नाही.

पाण्यातून जाण्यासाठी बसविलेल्या उंच श्वासनळीविषयी मोठा गैरसमज आहे. ती इंजिनात पाणी शिरू देत नाही, हे खरे. पण पुरात तरंगू लागलेल्या गाडीला ती धरून ठेवीत नाही. थारसाठी निर्मात्याने 650 मिलिमीटर खोलीची मर्यादा सांगितली आहे, ती संथ पाण्याची आहे. पावसाळ्यातील ओढ्यासमोर थांबणे हेच योग्य. तसेच भीमगड अभयारण्यासारख्या राखीव वनात परवानगीविना गाडी घालणे हा गुन्हा आहे, मग गाडी कितीही समर्थ असो.

शेवटी वजनाचे गणित. डिझेलने भरलेला एक जेरीकॅन वीस किलोंहून अधिक भरतो. असे दोन टपावर ठेविले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि चोर्ल्याच्या वळणावर उंच गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून जड वस्तू खाली, चाकांच्या मध्ये आणि घट्ट बांधून ठेवाव्यात. टपावर हलक्या वस्तूच जाव्यात. साधनांसाठी बाजूस काढलेल्या पैशांतून आधी ब्रेक व टायर तपासून घ्यावेत, आणि उरतील त्यांतून बाकीची खरेदी करावी.