ई-श्रम कार्ड आहे, मग पेन्शन मिळणार का?

‘ई-श्रम कार्ड काढा, दरमहा ३,००० रुपये पेन्शन मिळवा’ असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. तो अर्धवट आहे. २०२१ मध्ये सुरू झालेलं ई-श्रम ही असंघटित कामगारांची नोंदणी आहे. भाजीवाले, रिक्षाचालक, घरी शिवणकाम करणाऱ्या ताई यांना ती करता येते. पण नुसत्या कार्डावर पेन्शन मिळत नाही.

३,००० रुपयांची पेन्शन आहे ‘प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन’ योजनेची. तिथे वेगळं नाव नोंदवून वयाच्या साठीपर्यंत दरमहा पैसे भरावे लागतात. २९व्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला १०० रुपये. तेवढेच केंद्र सरकार भरतं. म्हणजे पेन्शन ३१ वर्षांनी. तेव्हा ३,००० रुपयांत काय येईल, हा प्रश्न आहेच.

खरी अडचण वयाची. नाव नोंदवताना वय १८ ते ४० हवं, उत्पन्न महिन्याला १५,००० पर्यंत. ४५ वर्षांच्या भाजीवाल्या मावशींना इथे जागाच नाही. अटल पेन्शन योजनेतही मर्यादा ४०चीच. त्यांना निदान ‘प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना’ घेता येते: वय ७० पर्यंत, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख. हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जातो, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे आहेत ना, ते बघून ठेवा.