मीठ घालायच्या आधी

मिरज तालुक्यातल्या एका अंगणवाडीत उष्टावणाचा कार्यक्रम होता. सेविकाताई म्हणाल्या, "सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर मुलांत अकरा. पुरेसं आणि सगळ्या तऱ्हेचं जेवण देशात एवढ्यांनाच मिळतं." हा आकडा 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला. मागे बसलेली एक आई हळूच म्हणाली, "आमच्यात पोरीसाठी वेगळं काय शिजवत न्हाई." मला तिचं स्वयंपाकघर बघायचं होतं. विचारलं, तर म्हणाली, "या की उद्या."

मुलगी आठ महिन्यांची. तूरडाळ हळद-हिंग घालून कुकरला लावलेली, वरच्या डब्यात तांदूळ, त्यावर लाल भोपळ्याच्या लांबट फोडी. मीठ कशातच नाही. शिट्ट्या झाल्यावर तिने डाळ रवीने घोटली आणि एक डाव बाजूला काढला. मग उरलेल्या डाळीत मीठ, आमसूल, गूळ घातला आणि वर लसूण-मिरचीची फोडणी दिली. घराची आमटी तयार झाली, बाळाचं वरणही. जास्तीचं काम म्हणाल तर तो एक डाव.

वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ-साखर लागत नाही. मध तर द्यायचाच नाही. त्यातून क्वचित का होईना, बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. पण या वयात लोह भरपूर लागतं, कारण जन्मतः मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो. म्हणून या घरात कधी अंडं उकडतात, कधी मटणाचा शिजलेला तुकडा मसाल्याआधी काढून बारीक ठेचतात.

आजींचा ओढा डाळीच्या पाण्याकडे होता. प्रेमापोटीच. पण इवल्याशा पोटात पाणीच भरलं तर अन्नाला जागा कुठली? आईने वरण-भात तूप घालून बोटांनी कुस्करला, चमचा तिरका करून दाखवला. घास ओघळला नाही.

भोपळ्याची फोड तिने दोन बोटांत दाबून पाहिली. सहज चिरडली, तेव्हा ताटलीत ठेवली. मुलीने ती मुठीत धरली, चोखली, मोठा तुकडा तोडला आणि एकदम उबळ आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी.

"अगं, अडकलं की!" आजी उठल्याच.

"आत्या, थांबा जरा. आवाज करतीया न्हवं?"

तिचे हात लेकीच्या दोन्ही बाजूंना तयार होते, पण तोंडात बोट घातलं नाही. खोकला, ओकारी म्हणजे बाळ स्वतःच घास पुढे ढकलतंय. आवाज बंद झाला की मात्र क्षणही दवडायचा नाही. पालथं धरून पाठीवर थाप द्यायची. इथे खोकल्यानेच तुकडा बाहेर पडला. मुलीने तोच उचलून पुन्हा तोंडात घातला. ते काही क्षण मला अजून आठवतात.

डब्यातली महागडी पावडर बघताना वाटतं, ही चव, हा वास, हे चावणं त्यात कुठून येणार? आणि शंभरात अकरा हा आकडा केवळ आयांच्या अज्ञानातून येत नाही. डाळ, अंडी महाग आहेत, शेतावरून दमून आलेल्या बाईला भरवायला वेळ नाही.

या घरात भरवणं, ताटली धुणं, सांडलेलं पुसणं, सगळं दोघींनीच केलं. वडील आमटी-भात जेवून कामाला गेले. अंगणवाडीतही एकही पुरुष नव्हता. पुढच्या उष्टावणाला सेविकाताईंनी वडिलांनाही बोलवावं, आणि त्यांनी यावं.