दावतीसाठी पेलेट ग्रिल : किती मोठे घ्यावे?

कोळशाची सिगडी आणि लाकडाची भट्टी यांवर ज्यांचे पोट आहे, अशा आमच्या बावर्ची, नानबाई व कबाबवाल्या बांधवांसाठी २०२५ हे साल काळजीचे ठरले. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावरील बेकऱ्या सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनावर आणण्याचे आदेश दिले. पाठोपाठ महापालिकेने कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा धाडल्या. तेव्हापासून पर्यायाचा शोध सुरू आहे आणि त्यात अमेरिकेतील 'पेलेट ग्रिल'चे नाव वारंवार कानावर येते. कुणाचा भाऊ शिकागोला आहे, कुणाचा जावई ह्यूस्टनला. तिकडच्या ईदच्या जेवणाचे व्हिडिओ येतात. बटण दाबले की आग आपोआप पेटते, रात्रभर धुरावर बकऱ्याची रान शिजते आणि सिगडी फुंकायला माणूस लागत नाही. मग आमचा केटरर विचारतो, असले मोठे यंत्र मागवले तर आपली दावत निघेल काय?

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. पेलेट म्हणजे लाकूडच. कोळसा बंद झाला म्हणून पेलेटला मुभा मिळेल, असे कुणीही गृहीत धरू नये. शहरात पक्क्या जागेवर धंदा असेल तर पैसे मोकळे करण्यापूर्वी वॉर्ड ऑफिसातून लेखी खुलासा घ्यावा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला येथे काडीचीही किंमत नाही.

आता यंत्राविषयी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या जाळण्याची पद्धत वाढली. आपल्याकडे बॉयलरसाठी जो 'पांढरा कोळसा' विकला जातो, त्याचेच हे धाकटे भावंड. कांडीची जाडी साधारण ६ मिलिमीटर असते. ओरेगॉन राज्यातील माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी याच कांड्यांवर चालणारे स्वयंपाकाचे ग्रिल बनवले व १९८६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. २००६ साली पेटंटची मुदत संपली आणि मग अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या.

आतली रचना साधी आहे. बाजूला कांड्यांचा डबा असतो, त्याला हॉपर म्हणतात. त्याच्या तळाशी मोटरवर फिरणारा स्क्रू कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलून एका लोखंडी वाटीत टाकतो. वाटीतील विजेची सळई त्या पेटवते आणि पंखा हवा देतो. वाटीवर पत्रा असतो, म्हणून ज्वाळा मांसाला लागत नाही. गरम हवा व धूर पेटीभर खेळतात. आत तापमान मोजणारी काडी असते व तिच्या हिशेबाने स्क्रू कमी-जास्त फिरतो. थोडक्यात, धुराची गोडी देणारा हा लाकडी ओव्हन आहे. नाव 'ग्रिल' असले तरी निखाऱ्याची झळ त्यात नाही, आणि खरेदीचा सगळा विचार येथूनच सुरू होतो.

सीख कबाबला निखारा जवळून लागतो. दोन-चार मिनिटांत बाहेरून करपट आणि आतून रसाळ, अशी ती करामत आहे. पेलेट ग्रिलचे तापमान बहुधा २३० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंतच जाते आणि तेही हवेचे. त्यात कीमा सुकतो, सीख हवी तशी उतरत नाही. ज्याचा धंदा संध्याकाळी गाडीवर सीख आणि बोटी विकण्याचा आहे, त्याने या यंत्राच्या नादी लागूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बिर्याणीच्या देगेचेही तेच. देगेखाली कांड्यांची वेगळी शेगडी चालू शकते, पण कांड्या जळून राख होते, झाकणावर ठेवायला निखारा उरत नाही. दमासाठी निखाऱ्याची सोय वेगळीच करावी लागेल.

मग हे यंत्र कुणासाठी? अख्खी रान, दस्त, सीना, मुसल्लम मुर्ग, तंगडी असे मोठे तुकडे सावकाश शिजवून मोठ्या संख्येने वाढणाऱ्यांसाठी. ११० ते १२० अंशांवर आठ-दहा तास एकसारखी आग ठेवणे माणसाला कठीण जाते, यंत्राला नाही.

आता आकार. कंपन्या जाळीचे क्षेत्रफळ चौरस इंचांत छापतात आणि गिऱ्हाईक त्या आकड्याला भुलते. समजा, यंत्रावर ८८५ असे लिहिले आहे. खालची जाळी ३० बाय १९ म्हणजे ५७० आणि वरची २१ बाय १५ म्हणजे ३१५, अशी ती बेरीज असते. मांडीसकट एका तंगडीला भोवतीची मोकळी जागा धरून ७ बाय ५, म्हणजे ३५ चौरस इंच लागतात. खाली १६ आणि वर ९, मिळून २५ तंगड्या झाल्या. १९० अंशांच्या आसपास त्या तयार व्हायला, काढ-घाल धरून, तास लागतो. पाहुणे दोनशे असतील तर आठ घाण. दुपारी बाराला पहिला घाण लावला तर शेवटचा रात्री आठला उतरेल. व्हिडिओत प्रचंड दिसणारे यंत्र आमच्या मध्यम वलीम्यालाही अपुरे पडते, ते असे.

हिशेब उलट बाजूने करावा. दस्तरखान कधी मांडायचा, त्याआधी किती घाण काढता येतील आणि काढलेले गरम ठेवायला काय आहे, हे आधी ठरवावे. जाड इन्सुलेशनच्या पेट्या असतील व त्यांत अन्न ६० अंशांच्या वर राहत असेल, तर तीन घाण आधी काढून ठेवणे शक्य आहे. दोनशे तंगड्या तीन घाणांत म्हणजे घाणाला ६७. त्याला सुमारे २,३५० चौरस इंच जाळी लागेल. रानेचा हिशेब वेगळा, कारण तिचा घाण एकच, रात्रभराचा. बिर्याणी मुख्य असून रान जोडीला असेल तर माणशी ७५ ग्रॅम शिजलेले मांस पुरते. दोनशे माणसांना १५ किलो. हाड आणि आटणारे पाणी वजा जाता कच्च्याचे निम्मेच हाती लागते, म्हणून ३० किलो कच्ची रान घ्यावी लागेल, म्हणजे दोन-दोन किलोचे १५ नग. प्रत्येकाला १५ बाय ७ इंच जागा धरली तर १,५७५ चौरस इंच झाले. मात्र येथे दोन जाळ्यांमधील उंचीही मोजावी. जाड रान वरच्या जाळीला टेकली तर ती जाळी काढावी लागते आणि छापील आकड्यातून तेवढा भाग गेलाच.

हे २,३५० इंच एकाच यंत्रात घ्यावे की दोन यंत्रांत? आम्ही दोन म्हणू. १,२०० च्या आसपासची दोन यंत्रे घेतली तर एकात रान मंद आचेवर आणि दुसऱ्यात तंगडी चढ्या आचेवर, असे एकाच वेळी चालते. लहान काम आले तर एकच पेटवावे. आणि ऐन वलीम्याच्या दिवशी स्क्रूची मोटर बसली तर निम्मे जेवण तरी वाचते. केटररची अब्रू एका मोटरवर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. एकट्याला दोन झेपत नसतील तर दोघा केटररांनी शिर्कतीत घ्यावीत. कुणाचा किती हिस्सा, दुरुस्ती कोण करणार आणि एकाच तारखेला दोघांना काम आले तर काय, हे कागदावर लिहून ठेवावे. व्याजाच्या हप्त्यांतून सुटकाही होते.

आमचे कारागीर बांधव म्हणतील, पेटी तर आम्हीच बनवून देऊ. जरूर बनवावी, पण पेटी दुप्पट केली आणि आगीची वाटी तीच ठेवली तर यंत्र मोठे होत नाही, थंड होते. साधे ग्रिल तासाला अर्ध्या ते सव्वा किलोपर्यंत कांड्या जाळते. उष्णता तेवढ्यातूनच यायची. थंड मांसाने जाळी भरली की तापमान घसरते आणि ते परत चढायला लागणारा वेळ हाच यंत्राच्या ताकदीचा खरा पुरावा. मोठ्या पेटीला मोठा बर्नर किंवा दोन बर्नर हवेत, भिंत दुहेरी व मध्ये इन्सुलेशन हवे. आगीची वाटी चांगल्या स्टेनलेसची असावी. आतल्या बाजूला गॅल्व्हनाइज्ड पत्रा कदापि वापरू नये; तापल्यावर जस्ताचा विषारी धूर अन्नात व माणसाच्या छातीत जातो.

अमेरिकेहून यंत्र आणवणाऱ्यांनी विजेकडे आधी पाहावे. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० सायकलची. आपली २३० व्होल्ट, ५० सायकलची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल बदलत नाही. जुन्या पद्धतीच्या एसी मोटरा त्यामुळे सुमारे एक षष्ठांश मंद फिरतात. कांड्या कमी पडतात आणि आगीचा मेळ बिघडतो. डीसी मोटरची यंत्रे या कटकटीतून सुटतात, तरी पॉवर सप्लाय २३० व्होल्टचा आहे ना, हे प्लेटवर वाचून घ्यावे. पेटवताना काही मिनिटे ३०० वॅटपर्यंत वीज लागते, पुढे शंभराच्या आत, म्हणून चांगला इन्व्हर्टर पुरतो. तो नसेल आणि वीज गेली तर पंखा थांबतो व आग स्क्रूमधून मागे हॉपरकडे सरकू शकते. वीज परत येताच बटण दाबण्याची घाई करू नये. झाकण उघडून वाटीत साचलेल्या कांड्या काढाव्यात, मगच पेटवावे. साचलेल्या ढिगाने भडका उडतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती इंधनात. २०२१ मध्ये केंद्राने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के पेलेट मिसळण्याचे धोरण आखले. साहजिकच या मालाला बाजार मिळाला. परंतु हा माल बॉयलरसाठी आहे. त्यात शेंगांची टरफले, सोयाबीनचे कुटार, उसाचे चिपाड असते, क्वचित प्लायवुड व रंगीत फर्निचरचा भुसाही. त्यातला डिंक आणि रंग जळून निघालेला धूर मांसात मुरतो. देगेखालच्या शेगडीत, धूर बाहेर काढण्याची सोय असेल तर, शेतमालाच्या कांड्या चालतील. जेथे धूर अन्नाला लागतो तेथे फक्त साफ, बिनरंगाच्या, कठीण लाकडाच्याच हव्यात. राखेवरूनही फरक कळतो. चांगल्या लाकडाची राख शंभरात एक भागाच्या आत, भाताच्या तुसाची पंधरा-वीस भागांपर्यंत. तसल्या मालाने वाटीत खंगर धरतो व मध्यरात्री आग विझते. मूठभर कांड्या पाण्यात टाकाव्यात. काही मिनिटांत फुलून त्यांचा भुसा व्हावा आणि पाण्यावर रंग वा तेलाचा तवंग येऊ नये. हे फुलणेच पावसाळ्यात शत्रू होते. कोकणातल्या दमट हवेत रात्रभर हॉपरमध्ये राहिलेल्या कांड्या स्क्रूमध्ये सिमेंटसारख्या बसतात. काम संपले की हॉपर रिकामा करावा आणि माल घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवावा.

भावाचा हिशेब सोपा आहे. एक किलो कांड्यांत साधारण ४,५०० किलोकॅलरी, एलपीजीत ११,००० च्या जवळपास. म्हणजे १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरइतकी उष्णता ४६ किलो कांड्यांत मिळते. आपल्या गावचे दोन्ही भाव मांडून पाहावेत. वाहतूक धरूनही कांड्या स्वस्त पडत नसतील, तर केवळ धुराच्या चवीसाठी गिऱ्हाईक जादा पैसे देईल का, एवढाच प्रश्न उरतो.

परदेशातून वापरलेले यंत्र स्वस्तात मिळते, पण त्यावर डुकराचे मांस शिजलेले असण्याची शक्यता मोठी आहे. चरबी जाळी, पत्रा, गटार आणि बादली सगळीकडे मुरते. साफसफाई कितपत पुरेशी, हा मसला आपल्या भागातील उलमांना विचारावा. आमच्या मते गिऱ्हाइकाच्या मनातला संशय धुऊन निघत नाही, म्हणून नवेच घ्यावे.

सौदा पक्का करण्यापूर्वी विक्रेत्याकडे अर्धा दिवस बसावे. रिकामे यंत्र सगळेच तापवून दाखवतात. आपण जाळ्यांवर थंड पाण्याने भरलेले ट्रे ठेवायला सांगावे, १९० अंश लावावे आणि घड्याळ पाहावे. तापमान परत चढायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला तर ते यंत्र दावतीचे नाही. नंतर चारही कोपऱ्यांत पावाचे तुकडे ठेवावेत; एक कोपरा काळा आणि दुसरा पांढरा राहिला तर मांसाचेही तेच होणार. स्क्रूची मोटर, सळई आणि पंखा यांचा एकेक जादा नग बिलातच लिहून घ्यावा. मांसात खुपसण्याचा थर्मामीटर मात्र वेगळा विकत घ्यावा आणि मुर्गीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश दिसल्याशिवाय ताट वाढू नये.